लिंबाला ताण, पाइनला पाणी

आमच्या सोसायटीच्या आवारात दोन झाडं अशी होती, की ज्यांच्यावरून मी आणि माझा नवरा वर्षभर भांडलो. एक ए विंगच्या कोपऱ्यात, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कागदी लिंबाचं. दुसरं समोरच्या सी विंगला, तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या सुनेच्या खिडकीपुढे, पाइनचं. मुलुंड पूर्वेला, खाडीचा वास येतो तिथे, पाइन. ऐकणारा आधी हसतो. मीही हसले होते.

नवऱ्याविषयी आधी सांगून टाकते. समोर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना 'तो' असंच लिहिणार, तेवढी मुभा मला हवी. भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्याने जन्म काढला आणि तिथेच बहुतेक त्याची बोलायची हौस फिटली. घरी आला की तोंडाला कुलूप. चिडला की आणि माया आली की, दोन्ही वेळेला मालवणी बाहेर पडते, त्यामुळे नक्की काय झालंय ते मला चेहरा बघून ठरवावं लागतं. मी त्याच्या उलट. एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करून करून दुसऱ्याची भांडणं इतकी वाचली, की स्वतःचं भांडण करायला मला तयारी लागत नाही.

लिंबाचं रोप त्याने गावाहून आणलेलं. मुलगा तेव्हा बालवाडीत होता. आता त्या झाडाची अख्ख्या बिल्डिंगला सवय झाली आहे. कोणाच्या पोह्यांवर पिळायला लिंबू नाही, कोणाला तळायच्या बांगड्यांना लावायला हवंय, कोणाचं पोट बिघडलंय, कोणाच्या पोराने नवी स्कूटर आणलीय आणि चाकाखाली ठेवायला पाहिजे, सगळे आमच्या खिडकीशी येऊन उभे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दर शनिवारी दाराला टांगायला एक नेतात आणि वर पिवळं नको, हिरवंच द्या, असं सांगतात. पानंसुद्धा वाया जात नाहीत. गावाला जायची गाडी घाटात शिरली की मी पर्समधली दोन पानं चुरगळून नाकाशी धरते. कामाचं झाड म्हणजे काय, ते मला लिंबाने शिकवलं.

पण त्याचे लाड किती. नवरा हातांत जुने मोजे घालून आत शिरतो, कारण काटे असे की रक्त काढल्याशिवाय सोडत नाहीत. पानांवर चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होतात. त्या हा एकेक करून वेचतो आणि मारवत नाहीत म्हणून माझ्या कढीपत्त्यावर नेऊन सोडतो. माझ्या कढीपत्त्यावर! त्यावरून आमचं दर पावसाळ्यात एकदा होतंच. रविवारी मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, बादलीत ठेवायचं, ते लिंबाचं. मग तिथे मांजरं जमतात आणि सेक्रेटरी तोंड वाकडं करून जातो.

आणि दिवाळी झाली की ताण. हा शब्द मला लग्नानंतरच कळला. लिंबाला भरपूर फूल यावं म्हणून त्याचं पाणी तोडतात. आळं मोकळं करायचं, मुळं थोडी उघडी टाकायची आणि थेंबभर पाणी द्यायचं नाही. झाडाची पानं मलूल होतात, मग पिवळी पडतात, अर्धी गळतात. जीव जातो की काय असं वाटलं, की मग शेणखत घालून, माती ओढून, हळूहळू पाणी सुरू करायचं. संक्रांतीनंतर बघावं तर झाड कळ्यांनी भरलेलं. ताणावर सोडलेलं झाड बघवत नाही. पहिल्या वर्षी मी चोरून तांब्याभर पाणी घालायला गेले, तर ह्याने असा डोळा वटारला की मी तांब्या घेऊन परत फिरले. "कळा सोसल्याशिवाय फुलता काय?" म्हणाला. बाळंतपण मला, आणि कळांचं ज्ञान ह्याला. पण मे महिन्यात बाजारात लिंबाला हात लावायची सोय नसते तेव्हा आमच्याकडे पाटी भरलेली असते, म्हणून मी गप्प बसते.

तर अशा माणसाच्या घरात पाइन आला तो सुनेबरोबर.

मुलाने ऑफिसात जमवलं. मुलगी कुमाऊंमधल्या एका गावची, आई लहानपणीच गेलेली, वडील शाळामास्तर होते, आता निवृत्त. वडील आणि लेक, दोघंच. लग्न तिच्या गावाला झालं. निघताना व्याह्यांनी मुलीच्या हातात दागिन्यांचा डबा दिला तसा जपून तुपाचा एक पत्र्याचा डबा दिला. त्यात ओली गोणपाटं आणि मधे हिरव्या केसांचा झुबका. पाइनचं रोप. तिच्या घरामागच्या उतारावर उगवलेलं. आगगाडीत रात्रभर तो डबा तिने पायांशी ठेवला. नवऱ्याने मधेच उठून दोनदा तो सरकवून सरळ केला, हे मी वरच्या बर्थवरून पाहिलं.

आमचं घर एक खोली आणि किचनचं, तेव्हा पोरांनी सी विंगला तळमजल्यावर तेवढीच जागा भाड्याने घेतली. मुलाचं ऑफिस बीकेसीत. सकाळी चहा घशाखाली जायच्या आत पळतो आणि रात्री उशिरा येतो. ती लॅपटॉपवर घरूनच काम करते. कानात काहीतरी घालून दिवसभर ऑफिसच्या लोकांशी इंग्रजीत बोलते, आणि ते झालं की तिच्याशी बोलायला कोणी नाही. मराठी तिला तेव्हा येत नव्हतं. माझं हिंदी ठीक आहे. नवऱ्याचं हिंदी म्हणजे रिक्षावाल्याला "बाजू में लेव" सांगण्यापुरतं.

झाड तिने स्वतः लावलं. खड्डा खणायच्या ऐवजी उंचवटा केला. शेजारच्या बांधकामावरची रेती, विटांचे तुकडे, आणि डब्यातली गावची माती. पाणी कुठेही साचू नये, असं सगळं उताराचं. मी तिला विचारलं, खत कुठलं घालणार? म्हणाली, काही नाही, फक्त ऊन. मग मी माझा ठेवणीतला प्रश्न विचारला, की ह्याचा उपयोग काय? सासू म्हणून नव्हे हो, लिंबाची बाई म्हणून विचारलं.

तर ती बसली सांगत. खोडाला खाच पाडून राळ काढतात. लाकडाच्या फळ्या होतात, आणि राळ मुरलेली ढलपी चुलीत घातली की ओल्या लाकडालाही पेटवते. वाळलेल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. बायका भारे बांधून आणतात आणि गुरांखाली अंथरतात. मग हसून म्हणाली, शिव्याही त्यालाच घालतात. पिरूलवरून पाय घसरतो, त्याच्याखाली गवत नीट उगवत नाही, आणि उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर पेटतो. मला तिचं ते बोलणं आवडलं. माहेरचं झाड म्हणून उगीच डोक्यावर घेतलं नाही तिने. मी विचारलं, मग आणलंस कशाला? म्हणाली, वारा आला की ह्याचा आवाज येतो. मी अजूनपर्यंत त्या रोपाचा आवाज ऐकलेला नव्हता, कारण ते होतंच माझ्या गुडघ्याएवढं. ती ऐकत असावी.

बिल्डिंगमध्ये त्याचं नाव पडलं ख्रिसमस ट्री. पोरांनी डिसेंबरमध्ये त्यावर चांदीचा कागद लावायचंही ठरवून टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात मला म्हणाल्या, डोंगरावरचं आणून इथे लावलं की कसं जगणार, सुनेचंही तसंच व्हायचं बघा. मी म्हटलं, वहिनी, झाडाचं झाडाला आणि माणसाचं माणसाला असू द्या. शनिवारचं लिंबू त्या आठवड्यात मी जरा बारकंच काढून दिलं.

पहिला पावसाळा त्या रोपाने काढला. तिने केलेल्या उतारावरून पाणी वाहून गेलं आणि झाड हिरवंगार राहिलं. खरी भानगड पाऊस संपल्यावर सुरू झाली. नवरा एकदा सी विंगकडे गेला, मातीला बोट लावून बघितलं आणि जाहीर केलं, झाड तहानलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झारी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी खुरपं. तिने केलेला उंचवटा फोडून त्याने भोवती झकास गोल आळं केलं, लिंबाला करतो तसंच, काठ थापून थापून. पुढच्या रविवारी माशांच्या पाण्याची बादली आमच्या खिडकीखाली यायच्या ऐवजी आवार ओलांडून पलीकडे गेली. मांजरं पण गेली मागोमाग.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. सकाळी चहाच्या आधी झारी भरायची, आवार ओलांडायचं, सुनेच्या खिडकीपुढे उभं राहायचं. ती खिडकी उघडायची. हा पाणी घालायचा आणि काहीतरी एवढंसं बोलायचा, ते मला इकडून ऐकू यायचं नाही. एवढं मात्र खरं, की दिवाळीपर्यंत तिचं मराठी माझ्यापेक्षा त्याच्याकडूनच जास्त सुधारलं, आणि त्यात मालवणी घुसली. एक दिवस मला म्हणाली, "आई, माका मीठ द्या." मी हातातलं लाटणं खाली ठेवून हसले.

तिला दिवस गेले ते त्याच सुमारास कळलं. डोहाळे सगळे आंबट. तिच्याकडे थंडीत उन्हात बसून मोठी डोंगरी लिंबं सोलून खातात, दही, गूळ, मीठ घालून, वर भांगेच्या भाजलेल्या बिया वाटून. भांग म्हटल्यावर मी दचकले. ती हसून म्हणाली, आई, बियांनी चढत नाही. ती बी काही मी आणू दिली नाही, तीळ घे म्हटलं. आमची कागदी लिंबं सोलून खाण्यासारखी नसतात, तेव्हा नवरा बाजार पालथा घालून पपनस घेऊन आला. त्यात चवीला आमच्या झाडाची दोन लिंबं पिळली. ते कालवण तिघांनी तिच्या खिडकीत बसून खाल्लं. नवऱ्याने वाडगा पुसून पुसून खाल्ला आणि न विचारता दुसऱ्यांदा घेतलं. घरात कोणाचं कौतुक करायची त्याची तीच पद्धत आहे.

दिवाळी झाली. लिंब ताणावर गेलं. तेव्हा मला पहिल्यांदा ते चमत्कारिक वाटलं. एकाच सकाळी, एकच माणूस, आमच्या खिडकीखालच्या तहानेने कोमेजलेल्या झाडाकडे ढुंकूनही न बघता, भरलेली झारी घेऊन पलीकडे जात होता. आणि पाइनच्या सुयांची टोकं तांबूस व्हायला लागली होती.

नवऱ्याला वाटलं पाणी कमी पडतंय. त्याने संध्याकाळीही घालायला सुरुवात केली.

नव्या वर्षात ठरलं, की सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं आणि व्याह्यांना बोलवायचं. लग्नानंतर ते पहिल्यांदाच लेकीच्या घरी येणार. फोनवर त्यांनी गाडीची तारीख सांगितली आणि मग विचारलं, झाड कसं आहे? ती म्हणाली, छान आहे. मी शेजारीच बसले होते. झाड छान नव्हतं. खालच्या सुया पार वाळल्या होत्या, शेंड्याला तेवढा मूठभर हिरवेपणा शिल्लक होता. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. त्या दिवसापासून ते झाड व्याही येईपर्यंत तरी टिकावं, एवढीच मला काळजी लागली. झाडाशी मला काय करायचंय? पण जिला आई नाही अशी पोर पोटुशी असताना, तिच्या बापाने डब्यात घालून दिलेली वस्तू त्याच्यासमोर मेलेली दिसावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मग एका सकाळी मी तिला आंबोळ्या द्यायला गेले. नवरा पाणी घालून नुकताच परतला होता, जिन्याशी आम्ही एकमेकांना ओलांडलं. मी कोपऱ्यावरून वळते तो काय, बाई एवढं पोट घेऊन आळ्यापाशी उकिडवी बसली आहे आणि नारळाच्या करवंटीने चिखल उपसते आहे. आळ्याचा काठ एका बाजूने फोडून तिने पाण्याला वाट करून दिली होती. उपसलेला चिखल गटाराच्या कडेला आणि जवळच पिशवीत कोरडी रेती. हाताची सफाई अशी की रोजचं काम आहे हे सांगायला नको. काठ तिने परत तसाच गोल थापला, ह्याने थापला होता तसा.

माझं डोकंच फिरलं. आंबोळ्यांचा डबा खिडकीत आदळला आणि तिला दंडाला धरून उठवली. सातवा लागलाय तुला, कळतं का, असं म्हणून जे सुरू केलं ते तिच्या मराठीच्या पलीकडचं होतं. ती रेतीचे हात मागे लपवून उभी. मग मी विचारलं की हे पाण्याने मरतंय का? तिने मान हलवली. मग आधी का नाही सांगितलंस? त्यावर एवढंच, की बाबांना सांगू नका. पहिल्यांदा एकदा म्हणून बघितलं होतं, की थोडं कमी चालेल. तर दुसऱ्या दिवशी ते झारी घेऊन यावं की नाही म्हणून ए विंगच्या पायरीवरच घुटमळत उभे राहिले. तिने खिडकीतून पाहिलं आणि हाक मारून सांगितलं, बाबा, या ना, घाला पाणी.

मला वाटलं ही सासऱ्याला घाबरते. त्याचाच मला जास्त राग आला. आम्ही काय खातो का तुला, असंही मी बोलून घेतलं. पण ती ऐकेना. उलट माझ्याकडून वचन घेतलं, की मी काही सांगणार नाही.

वचन दिलं ते सांगणार नाही एवढंच. आडून विचारणार नाही असं काही दिलं नव्हतं. रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, अहो, लिंबाला महिना महिना पाणी तोडता, तसं त्या पाइनचं थोडे दिवस तोडून बघा की. ताण दिला की फुटेल. त्याने घास तसाच हातात धरला. माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी पोरीचंच जेवण तोडायला सांगितलंय.

"लिंब आपलो. तेका उपाशी ठेवलां तर तो आपल्यार रागावात," तो म्हणाला. "ह्यां झाड लोकांच्या चेडवाचां. तेका तानेलां कसां ठेवू?"

चेडू म्हणजे मुलगी. लोकांची मुलगी आपल्या दारात आली आहे आणि तिच्या झाडाला आपण कोरडं ठेवायचं, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. एरवी मला शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी मी त्याला नुसती आमटी वाढली. दोघंही एकमेकांची मनं जपत होते आणि मधल्या मधे झाड मरत होतं.

व्याही आले ते डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी. बारीक अंगाचे, डोक्यावर टोपी, मुलुंडच्या उकाड्यातही स्वेटर हातावर घेतलेले. लेकीला बघितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पाणीसुद्धा न पिता ते म्हणाले, झाड दाखव.

आम्ही सगळे बाहेर आलो. शेंड्याचा हिरवेपणा त्या आठवड्यात गेला होता. तांबडी काडी आणि तिला लोंबणाऱ्या तांबड्या सुया. नवरा सकाळीच दोन झाऱ्या घालून गेला होता, पाहुणे येणार म्हणून आळं नव्याने थापलेलं, चहूबाजूंनी रांगोळीसारखे पांढरे दगड लावलेले. तो तिथे आधीच येऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात झारी. सून पटकन पुढे झाली आणि वडिलांना हिंदीत सांगायला लागली, इथली हवाच त्याला मानवली नाही, खारा वारा आहे ना, पापा.

व्याही खाली बसले. मातीत बोट घातलं. ते बोट दुसऱ्या पेरापर्यंत चिखलात गेलं. त्यांनी वर बघून विचारलं, ह्याला पाणी कोण घालतं?

नवरा शाळेत हजेरी देतात तसा एक पाऊल पुढे आला. "मैं," तो म्हणाला. "रोज. एक दिन भी सुका नहीं रखा."

त्याला ते अभिमानानेही सांगायचं होतं आणि माफीही मागायची होती. दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मनातल्या मनात व्याह्यांना म्हटलं, बाबा रे, काही बोलू नकोस. पण त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? ते सहज म्हणाले, "भाईसाहब, हमारे यहाँ तो इसे कोई पानी देता ही नहीं।"

नवऱ्याने हातातल्या झारीकडे बघितलं. मग त्याची नजर आळ्याच्या काठावर गेली, जिथे काठ रोज फुटायचा आणि रोज थापला जायचा. पाणी इतकं भरभर मुरतं कसं, हे कोडं त्याला इतके दिवस पडलेलं असणार. तिथे कोरड्या रेतीची एक रेघ अजून होती. त्याला कळलं. त्याने सुनेकडे वळून विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

तिने मान हलवली.

"मग सांगायचं नाही? झाड मेलं ना गो."

ती रडत नव्हती. अगदी साधं, रोजच्यासारखं म्हणाली, "पाणी बंद झालं असतं, तर तुम्ही आला नसतात, बाबा."

मी तिथून वळले आणि चहाचं निमित्त करून तिच्या घरात गेले. स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. ती त्याला घाबरत होती म्हणून मी किती बडबडले होते. त्या पोरीला दिवसभरात माणूस म्हणून एवढंच मिळत होतं, सकाळची झारी आणि तिच्यामागे उभा असलेला एक मुखदुर्बळ म्हातारा. त्यासाठी तिने माहेरचं झाड जाऊ दिलं होतं. जगवायचा प्रयत्नही केला होता, चोरून, करवंटीने, त्याला कळू न देता. पण दोन्हींतलं एकच ठेवता येईल अशी वेळ आल्यावर तिने काय ठेवलं, ते मला कळलं आणि मी पदर तोंडात धरून रडले.

डोहाळजेवण छान झालं. ओटी भरली, गाणी झाली, वहिनींनी बर्फी का पेढा ओळखायला लावलं. नवरा मात्र जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर लिंबापाशी बसून होता. लिंब तेव्हा फुलांनी पांढरं झालेलं, सगळ्या जिन्यात वास. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं तर व्याहीही त्याच्या शेजारी दगडावर बसलेले. वाळलेल्या पाइनच्या सुया त्यांनी टोपीत जमवून आणल्या होत्या आणि लिंबाच्या आळ्यात पसरत होते. त्यांच्याकडे फळझाडांखाली घालतात, असं सांगत होते. नवऱ्याने एरवी त्या आळ्याला कोणाला हात लावू दिला नसता. तो सरकून बसला आणि त्याने जागा करून दिली. मग त्याने आपल्या हिंदीत त्यांना ताण समजावून सांगितला. इसको भूका रखा, इसलिए फूल आया. व्याही ऐकत राहिले आणि फुलांकडे बघत राहिले.

ते परत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी नवरा उठला, सवयीने झारी नळाखाली धरली, अर्धी भरली आणि थांबला. पाणी ओतून टाकलं. झारी उलटी करून कठड्यावर ठेवली आणि खुर्चीत येऊन बसला. समोर सी विंगची ती खिडकी उघडलेली दिसत होती. आत लाइट होता. ती खिडकीशी उभी होती, खाली बघत नव्हती, आमच्याकडेच बघत होती.

"अहो, ती उभी आहे," मी म्हटलं.

"आता कित्याक जाऊ?" तो म्हणाला. "घालूक काय हा?"

मला एवढा राग आला की मी गॅस बंद केला. "पाणी सोडून दुसरं काही नेता येत नाही का हो माणसाकडे?"

त्याने चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी पलंगाखाली होती, ती पायाने ओढली. दारात जाऊन परत कठड्याकडे आला, झारीला हात लावला, आणि ती तिथेच ठेवून बाहेर पडला.

मी खिडकीतून बघत होते. रिकाम्या हातांनी आवार ओलांडताना तो वेगळाच दिसत होता. हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, शेवटी त्याने ते पाठीमागे बांधले. त्या तांबड्या काडीपाशी जाऊन उभा राहिला. घालायला काही नाही, उपटायला धीर नाही. मग त्याने वर खिडकीकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. ह्या वेळी मला ऐकू आलं, कारण माझा गॅस बंद होता आणि तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलला होता.

"झोप लागली काय गो रात्री?"

ती खिडकीच्या गजांना धरून बोलायला लागली. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. हा मान हलवत होता, मधेच काही विचारत होता, मग आळ्याच्या काठावरच टेकला. मी त्याचा चहा झाकून ठेवला. तो गार झाला, मी परत गरम केला, तो परत गार झाला, तरी माणूस काही आला नाही.